कपाळावरच्या पट्ट्या आणि ६२ चा आकडा

प्रश्न थोडक्यात असा. धायरीच्या एका गृहस्थांच्या आईला, वय ६१, मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव झाला. पुण्यातल्याच एका रुग्णालयात दुसऱ्या दिवशी कॉइलिंग झालं, म्हणजे धमनीतून बारीक तारेची वेटोळी सोडून फुगा आतून बंद केला. आज सहावा दिवस. त्या व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधांवर आहेत. कपाळाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या लावून वायरी एका मॉनिटरला जोडल्यात, हा मेंदूतला ऑक्सिजन प्रकाशाने मोजणारा सेरेब्रल ऑक्सिमीटर. त्यावर डावीकडे ६६ आणि उजवीकडे ६२ दिसतं, बोटावरच्या मशीनवर मात्र ९८. काल रात्री उजवा आकडा ५१ वर आला, अलार्म वाजला, सिस्टरनी मान सरळ केली, पट्टी बदलली आणि आकडा परत साठच्या वर गेला. ते विचारतात: मेंदूला फक्त ६२ टक्केच ऑक्सिजन मिळतोय का? ५१ झाला तेव्हा इजा झाली असेल का? चुलत्यांना मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात हे मशीनच नव्हतं, मग तिथे हलगर्जी झाली का? आणि आईला घरी नेल्यावर असं मशीन भाड्याने मिळेल का?

मी पुण्यात न्यूरो आयसीयूत काम करते. हाच प्रश्न नातेवाईक रोज वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीचा शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच.

आधी ६२. हा आकडा घाबरण्यासारखा नाही. कोविडनंतर घराघरांत बोटावर लावायचं ऑक्सिमीटर आलं आणि '९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठा' हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तोच नियम कपाळावरच्या पट्टीला लावला की ६२ बघून पोटात गोळा येणारच. पण ही दोन यंत्रं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. बोटावरचं यंत्र नाडीच्या ठोक्याबरोबर हलणारं रक्त तेवढं वेगळं काढतं, म्हणजे फक्त धमनीतलं ताजं रक्त. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधली. कपाळावरच्या पट्टीला ठोक्याशी काही देणंघेणं नाही. तिच्या प्रकाशाच्या वाटेत जेवढं रक्त येतं, धमनीतलं, केशवाहिन्यांतलं, शिरांतलं, त्या सगळ्याची ती सरासरी दाखवते. आणि मेंदूत कुठल्याही क्षणी बहुतेक रक्त शिरांच्या बाजूला असतं. बऱ्याच कंपन्या आपल्या गणितात साधारण तीन भाग शिरांचं आणि एक भाग धमनीचं असं धरतात. धमनीत ९८ आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तात समजा ६२ (मॉनिटरवरचे ६२ हे नव्हे) असेल, तर ९८ चा चौथा भाग २४.५, ६२ चा पाऊण भाग ४६.५, बेरीज ७१. निरोगी माणसात हा आकडा साधारण ६० ते ७५ च्या आसपास असतो. तुमच्या आईंचे दोन्ही आकडे त्यात बसतात.

प्रकाश कवटीतून आत जातोच कसा, हेही अनेकांना खरं वाटत नाही. अंधारात टॉर्चवर तळहात ठेवून बघा, बोटं लालभडक उजळतात. निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं, तांबडा पार होतो. तांबड्याच्या पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, शरीर आणखी पारदर्शक होतं. पाणी तिथे फारसं आड येत नाही आणि हाडही प्रकाश पूर्ण अडवत नाही. याच पट्ट्यात ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या प्रमाणात प्रकाश शोषतं. ८०० च्या अलीकडे ऑक्सिजन नसलेलं जास्त शोषतं, पलीकडे ऑक्सिजन असलेलं. दोन किंवा अधिक तरंगलांब्यांचा प्रकाश आत सोडायचा, परत किती आला ते मोजायचं आणि त्यावरून गुणोत्तर काढायचं. ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली हे दाखवलं, तिथून प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन मोजण्याची ही शाखा सुरू झाली.

प्रकाश आत शिरतो, विखुरतो आणि कमानीसारखी वाट घेत काही सेंटिमीटर अंतरावरच्या डिटेक्टरपर्यंत पोचतो. म्हणून पट्टीत दोन डिटेक्टर असतात. जवळच्यापर्यंत आलेला प्रकाश मुख्यतः कातडी आणि हाड बघून आलेला असतो, लांबचा त्याहून थोडा खोल जाऊन आलेला. दुसऱ्यातून पहिला वजा करून कातडीचा हिस्सा कमी करायचा, अशी कल्पना आहे. कमी होतो, पूर्ण जात नाही. रक्तदाब वाढवायला नॉरअॅड्रेनालिन चालू असेल तर कपाळाच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आकडा थोडा घसरू शकतो, मेंदू होता तसाच असतो. कावीळ असेल तरी आकडा फसवा कमी येतो. आणि खोली म्हणाल तर कातडीपासून फार तर दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे कपाळामागच्या मेंदूचा वरचा थर. बस.

आता हा आकडा वाचायचा कसा? शाळेतून परत आलेला डबा आठवा. डबा निम्मा परत आला, यावरून एवढंच कळतं की दिलेल्यापैकी किती उरलं. रिकामा आला तर कमी भरला होता की मुलाला भूक जास्त होती, हे डबा सांगत नाही. मेंदूचंही तसंच. आकडा पडला तर एक शक्यता पुरवठा कमी झाल्याची: रक्तदाब उतरला, धमनी आकसली, हिमोग्लोबिन घसरलं, फुप्फुसातून ऑक्सिजन कमी मिळाला, व्हेंटिलेटरने कार्बन डायऑक्साइड फार धुऊन काढल्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळल्या. दुसरी शक्यता मागणी वाढल्याची: ताप, झटका (फिट), अर्धवट उतरलेली गुंगी. आणि डबा न उघडताच परत आला तर? यात लोक फसतात. मेंदूचा एखादा भाग मेला की तो ऑक्सिजन वापरणं थांबवतो आणि तिथल्या रक्तातला ऑक्सिजन तसाच राहतो. आकडा छान दिसतो. मृत व्यक्तींच्या कपाळावर हे सेन्सर लावून पाहिलेलं आहे, आणि त्यातल्या काहींचे आकडे निरोगी माणसांच्या पातळीत निघाले. म्हणून ७० दिसलं की सुटकेचा श्वास सोडणारे नातेवाईक आणि ७० दिसलं म्हणून पेशंट न तपासणारा डॉक्टर, दोघांनाही मी थांबवते.

रक्तस्रावाच्या पेशंटमध्ये आणखी एक भानगड. पट्टीच्या अगदी खाली रक्ताची गाठ असेल तर ती प्रकाश गिळून टाकते. मग मशीन मेंदू बघतच नाही, ती गाठ बघतं किंवा आकडाच दाखवत नाही. गंमत म्हणजे याच दोषाचा उपयोग करून कवटीखालची गाठ हुडकणारी हातात धरायची उपकरणं बनली आहेत. डाव्या-उजव्या बाजूला प्रकाश शोषण्यातला फरक बघायचा, एका बाजूला जास्त शोषला तर तिथे गाठ असल्याचा संशय घ्यायचा. मेंदूच्या पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरच्या आतली गाठ त्यात कळू शकते. पण ते काम वेगळं, ऑक्सिजन मोजणं वेगळं. मेंदूला सूज असेल, ऑपरेशनमध्ये हाड काढलेलं असेल, आत हवा राहिलेली असेल, तरी आकड्याचा भरवसा कमी होतो. उलट उच्च रक्तदाबामुळे होणारा नेहमीचा खोलवरचा रक्तस्राव पट्टीच्या आवाक्यातच नसतो. चुलत्यांना तसा झाला असेल, तर पट्टीला तो दिसलाच नसता. तिने फक्त कपाळामागचा शेजार कसा आहे तेवढं सांगितलं असतं.

तुमच्या आईंचा रक्तस्राव मेंदूच्या आवरणाखालचा, सबअरॅक्नॉइड. त्यात सहावा दिवस महत्त्वाचा आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी पट्ट्या लावल्या त्या बहुधा यासाठीच. फुगा कॉइलने बंद झाला म्हणजे पुन्हा फुटण्याचा मोठा धोका टळला. पण बाहेर सांडलेलं रक्त मेंदूच्या तळाशी धमन्यांना वेढून बसतं, विरघळताना त्या धमन्यांना चिडवतं, आणि साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या आकसू शकतात. अशा पेशंटपैकी सुमारे तिघांत एकाला या काळात मेंदूला रक्त कमी पडण्याचा त्रास होतो. एकवीस दिवस निमोडिपीन देतात ते याचसाठी, सहसा ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी. त्याने रक्तदाब फार उतरला तर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी. मध्यरात्री सिस्टर नळीतून औषध देताना दिसल्या तर समजा काम चोख चाललंय.

पेशंट जागा असता तर कुठल्याही मशीनपेक्षा तोच चांगला मॉनिटर. 'आजी, उजवा हात वर करा', 'हे काय आहे सांगा', एवढ्याने धमनी आकसल्याची चाहूल लागते. आई गुंगीत आहेत, म्हणून इतर खिडक्या लागतात. त्यातली एक ट्रान्सक्रेनियल डॉपलर. कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी सोडून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायचा. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं, २०० च्या वर गेला तर गंभीर. शंका आली तर सीटी अँजिओग्राफी आणि परफ्युजन, म्हणजे धमन्यांचं आणि मेंदूत पोचणाऱ्या रक्ताचं सीटी चित्र. कपाळावरची पट्टी ही तिसरी खिडकी, लहान, पण सतत उघडी. डॉपलर दिवसातून एक-दोनदा होतं, सीटीला पेशंट हलवावा लागतो, पट्टी पहाटे तीन वाजताही जागी असते.

तिचा उपयोग मी असा करते. एकेका आकड्याकडे फार बघत नाही. गेल्या सहा-आठ तासांची रेघ बघते. दोन्ही बाजू मिळून खाली आल्या तर कारण बहुधा सगळ्या शरीराचं: रक्तदाब, श्वास, हिमोग्लोबिन. एकच बाजू हळूहळू खाली सरकतेय आणि पट्टी नीट चिकटलेली आहे, तर त्या बाजूचं डॉपलर लगेच करते. रक्तदाब थोडा वाढवल्यावर आकडा वर येतो का, तेही बघते. निरोगी मेंदू रक्तदाब वरखाली झाला तरी आपला पुरवठा सांभाळतो. आकडा जर रक्तदाबाच्या मागेमागे धावत असेल तर ती सांभाळण्याची ताकद गेली असं समजावं लागतं, आणि मग रक्तदाब किती ठेवायचा हे जास्त काळजीने ठरवावं लागतं. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात हुशार उपयोग हाच. तुम्हाला मॉनिटरवर वरचा रक्तदाब १६० दिसला आणि कोणी तो उतरवत नाही असं वाटलं, तर त्यामागे हे कारण असू शकतं. फुगा बंद झाल्यावर या दिवसांत कमी रक्तदाबाचीच भीती जास्त असते.

मर्यादा तितकीच मोठी. पट्टी कपाळामागचाच भाग बघते. मागच्या धमन्या आकसल्या, मेंदूच्या मागच्या भागात किंवा लहान मेंदूत रक्त कमी पडलं, तर तिला पत्ताही लागत नाही.

आता कालची रात्र. ६२ वरून ५१ म्हणजे जवळपास १८ टक्के घट. हृदयाच्या शस्त्रक्रियांमधून आलेला ठोकताळा असा की मूळ आकड्यापेक्षा २० टक्के घट झाली किंवा आकडा ५० च्या खाली गेला तर कारण शोधून काढायचं. ती इजेची रेषा नाही, उठून बघण्याची रेषा आहे. तुमच्या सिस्टर त्याआधीच उठल्या आणि त्यांनी क्रम बरोबर धरला. मान एका बाजूला वळली की गळ्याची शीर दाबली जाते, मेंदूतलं रक्त खाली उतरायला अडथळा होतो, आकडा पडतो. श्वासनळीतली ट्यूब बांधायची पट्टी घट्ट बसली तरी हेच होतं. सेन्सरची कड सुटली की बाहेरचा प्रकाश शिरतो, तेव्हाही आकडा काहीही दाखवतो. मान आणि पट्टी दोन्ही एकदमच बदलल्यामुळे नेमकं कारण कुठलं ते आता सांगता येणार नाही, पण दोन्ही रोजची आहेत. इतक्यावर आकडा लगेच सावरला, तर काही मिनिटांच्या त्या घसरणीने इजा झाली असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. तसाच राहिला असता तर रक्तदाब, रक्तातले वायू, हिमोग्लोबिन, ताप, डोळ्यांच्या बाहुल्या, झटक्याची शंका, या क्रमाने शोध सुरू झाला असता. त्या रात्री रक्तदाब किती होता आणि पुढच्या तासात बाहुल्यांची नोंद काय आहे, एवढं मात्र सकाळी विचारा.

एक नाजूक गोष्ट. भेटीच्या वेळेत आलेले नातेवाईक श्रद्धेने कपाळाला अंगारा लावतात, कुंकू लावतात, कोणी दगडूशेठचं अष्टगंध घेऊन येतं. त्यावर माझा आक्षेप नाही, पण कपाळ सोडा. तो थर आणि केसांचं तेल, दोन्हींमुळे सेन्सर चिकटत नाही आणि प्रकाश अडतो. उशीखाली पुडी ठेवा, हाताला लावा. पट्टीखालची कातडी लाल झालीय का, हेही सिस्टरना विचारत चला. दिवसेंदिवस एकाच जागी असली तर चट्टा पडतो.

चुलत्यांकडे वळते. यंत्र नव्हतं म्हणून हलगर्जी झाली, असं म्हणता येणार नाही. रक्तस्रावाच्या पेशंटला हे यंत्र लावल्याने जीव वाचण्याचं किंवा अपंगत्व टळण्याचं प्रमाण वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. सगळ्यात मोठा प्रयोग नवजात बाळांवर झाला. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १६०१ बाळांवर, ज्यांना मेंदूत रक्तस्रावाचा धोका खूप असतो. २०२३ मध्ये निकाल आला: पट्टी लावून उपचार ठरवलेल्या आणि न लावलेल्या गटांत मृत्यू किंवा मेंदूच्या गंभीर इजेत फरक नव्हता. आकडा चांगला ठेवता येतो, पण त्याने माणूस चांगला राहतोच असं नाही. मेंदूत बारीक तार घालून थेट ऑक्सिजन मोजण्याची पद्धतही आहे. तिथे २० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेलं की चिंता. ती जास्त अचूक, पण कवटीला छिद्र पाडावं लागतं आणि तीही एका ठिपक्यापुरतंच सांगते. डोक्याला गंभीर मार लागलेल्या पेशंटवर फ्रान्समध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात तिच्यानेही निकाल सुधारल्याचं दिसलं नाही.

मला एखाद्या रुग्णालयाने विचारलं की मर्यादित पैशात आधी काय घ्यावं, तर मी रात्रपाळीला एक जादा प्रशिक्षित नर्स सांगेन, दर तासाला बाहुल्या आणि हातापायांची ताकद बघणारी. मग चोवीस तास सीटी. त्यानंतर डॉपलर करता येणारी व्यक्ती. पट्ट्या त्यानंतर. सेन्सर एका पेशंटपुरतेच असतात आणि स्वस्त नसतात. बिलात ते वेगळे लावलेत का, आणि महात्मा फुले योजनेत पेशंट असेल तर ते पॅकेजमध्ये धरलेत का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आजच विचारून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नको. आणि दोन रुग्णालयांतले आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. इनव्हॉस, फोरसाइट, मासिमो अशी वेगवेगळी मशीनं आहेत, प्रत्येकाचं गणित वेगळं, त्याच कपाळावर चार-पाच अंकांचा फरक सहज पडतो.

यापुढची पायरी प्रयोगशाळांत चालू आहे. ऑक्सिजनसोबत रक्ताचा प्रवाहच प्रकाशाने मोजायचा, परतलेल्या लेझरच्या ठिपक्यांची चुळबुळ किती वेगाने होते त्यावरून. ते जमलं तर डबा कमी भरला होता की भूक जास्त होती, हेही कळेल. पण तुमच्या आईंच्या या आठवड्यात त्याचा उपयोग नाही.

रोजच्या भेटीत डॉक्टरांना 'आकडा किती' विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचारा. कालपासून दोन बाजूंमधला फरक वाढतोय का, डॉपलरचा वेग कुठे चाललाय, आणि गुंगी उतरवून हातपाय हलवून पाहिले का. यांची उत्तरं मिळाली तर ६२ चं काय करायचं ते आपोआप कळतं.

घरी हे मशीन भाड्याने आणू नका. कोणी द्यायला तयार असेल तरी नको. अर्थ लावणारा माणूस शेजारी नसेल तर तो आकडा फक्त झोप उडवतो. घरी लागेल ते साधं आहे: रक्तदाबाचं यंत्र आणि औषधांच्या वेळा लिहिलेला कागद. निमोडिपीनचे एकवीस दिवस घरी गेल्यावर पुरे होणार असतील तर रात्रीचा डोसही चुकवायचा नाही, गजर लावा. अचानक तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं, एक बाजू लुळी पडणं, झटका किंवा नेहमीपेक्षा जास्त सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि जिथे कॉइलिंग झालं तिथेच न्यायला सांगा. सिंहगड रोडची संध्याकाळची गर्दी धरून वेळेचा अंदाज आधीच बांधून ठेवा. आणि काही आठवड्यांनी चालताना पाय घासायला लागले, लघवीवरचा ताबा सुटू लागला, विसरभोळेपणा वाढला, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. मेंदूत पाणी साठल्याची ती लक्षणं असू शकतात, सीटी करून घ्या.